फणसाची कातारीन

कोपरीच्या लिओ परेराला व्याख्यानांचं खूळ लागलं होतं. खूळच म्हणायचं, दुसरं काय! भातशेती आणि सुतारकाम यांत पन्नाशी गाठलेला माणूस, पण ठाण्याच्या शिल्परसिक मंडळाचा अभ्यासदिवस म्हटला की धुवट सदरा चढवून सगळ्यांच्या आधी हजर. मंडळात सगळे वकील, कारकून, पेन्शनर. परशुरामपंत लेले मास्तर बोलायचे आणि बाकीचे वह्या भरायचे. लिओला लिहिता येत नव्हतं, तो नुसता डोळे फाडून बघायचा. कान्हेरीची लेणी बघायला घोडबंदरच्या वाटेनं बैलगाड्या निघाल्या तेव्हा एका गाडीचं चाक निखळलं. ते लिओनं बसवून दिलं आणि त्या दिवसापासून तो मंडळातलाच झाला.

अठराशे ब्याऐंशीच्या थंडीत मंडळानं ठरवलं, या खेपेला लांब कुठं जायला नको. कोपरीत खाडीकाठी ख्रिस्ती लोकांचं छोटं देऊळ आहे, तिथली सांत कातारीन या संतिणीची लाकडी मूर्ती बघू. ती म्हणे तीनशे वर्षांपूर्वी पोर्तुगालहून गलबतातून आली.

झाली ना पंचाईत! कारण ती मूर्ती लिओनंच केलेली होती.

चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. सण दोन महिन्यांवर आलेला आणि जुन्या पाद्रीबाबांनी धूळ पुसायला मूर्तीला हात लावला, तर नाकच हातात आलं. आत वाळवीनं सगळा भुगा केलेला. पाद्रीबाबांनी लिओला बोलावलं, क्रुसावर हात ठेवायला लावून शपथ घातली की लोकांचा भाव मोडायचा नाही, जिवात जीव असेतो बोलायचं नाही. चाळीस दिवस लिओ देवळाच्या मागच्या खोलीत कडी लावून नवी मूर्ती घडवत बसला. बायकोला, सेलेस्टीनला, सांगितलं, पाद्रीबाबांचं कपाट दुरुस्त करतोय. पुढं पाद्रीबाबा वारले आणि गुपित एकट्या लिओच्या पोटात राहिलं. तिथं ते नीट राहील तर शपथ! एकदा, फक्त एकदा, कुणीतरी आपलं नाव घ्यावं, असं त्याला फार वाटायचं.

रविवारी मिस्साची प्रार्थना आटपली आणि मंडळी आली. नव्या पाद्रीबाबांच्या परवानगीनं मूर्ती उंच वेदीवरून उतरवून टेबलावर ठेवली होती. गावच्या बायका दाराशी जमल्या. सेलेस्टीननं पाहुण्यांसाठी केळ्यांचा घड आणला होता. ब्राह्मण मंडळी, आपल्या घरचं शिजवलेलं कुठली खायला!

परशुरामपंतांनी घसा साफ केला. "मंडळी, हा चेहरा पाहा. असा हात आपल्याकडे होणे नाही. हा लिस्बनचा कोणी थोर उस्ताद."

सेलेस्टीननं नवऱ्याला कोपर मारलं. "ऐकलंस? याला म्हनतान कारागिरी. नाय तर तू, जल्मभर खाटांचे पाय केलेस."

लिओच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शपथ शपथ म्हणून किती सोसायचं माणसानं?

"शंका असल्यास विचारा," पंत म्हणाले.

"पंत," लिओ उठलाच, "तुमी सांगता ना, आदी जिन्नस बघा, मंग नक्षी. मंग लाकूड कंचं हाय?"

"अक्रोड. तिकडचंच."

"फणस हाय."

वकील हसले. पंत मात्र सच्चा माणूस. धोतर सावरून खाली बसले आणि भिंग लावून बैठकीचा रंग उडालेला कोपरा बघत राहिले. पिवळाधमक फणस! "अरे देवा," ते म्हणाले, "माझं अख्खं व्याख्यान खाडीत गेलं की!" सगळे खो खो हसले, पंतही हसले. मग ते उठून मूर्तीच्या तोंडासमोर गेले आणि भिंग चेहऱ्यावरून फिरवू लागले.

"इथल्याच माणसाचं काम आहे," ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मी म्हणालो त्याहून थोर आहे. डावी भिवई बघा, जरा वर चढलेली. ओठाचा कोपरा बघा, उलट उत्तर जिभेवर आलंय आणि बाई ते गिळतेय. असलं काही मनानं रचता येत नाही. त्यानं ही बाई रोज पाहिली असणार, चुलीपाशी, भांडताना. फार जीव होता त्याचा तिच्यावर." पंत वळले. "लिओ, तुला लाकूड कळलं. करणारा कोण, तेही ठाऊक आहे का रे?"

सगळ्यांच्या माना लिओकडे वळल्या. नाव ओठावर आलं होतं. तेवढ्यात दाराशी जमलेल्या बायकांतून म्हातारी उर्सुला वाकत वाकत पुढं आली आणि मूर्तीच्या पायाला हात लावून तो कपाळाला टेकवला. फणस असो की अक्रोड, तिला काही फरक पडला नव्हता.

"नाय पंत," लिओ म्हणाला. "मना काय ठाव." आणि तो खाली बसला.

मंडळी केळी खाऊन गेली. सेलेस्टीन तिन्ही त्रिकाळ बडबडणारी बाई, पण घरी जाताना बांधावरून अवाक्षर बोलेना. लिओ घाबरला. शेवटी ती मध्येच थांबली. डावी भिवई वर चढलेली.

"कपाट करीत व्हतास ना! चौदा वरसं," ती म्हणाली, "दर सुक्रवारी गुडघे टेकून तुजी गाऱ्हानी मी तिला सांगतंय. मेणबत्त्या जाळल्या. दारू सुटू दे, अक्कल येऊ दे, माज्याकडं जरा बघू दे त्याला. आनि ती मीच?"



तिनं पदरानं डोळे पुसले आणि रागानंच विचारलं, "आता गाऱ्हानी सांगू कोनाला?"

"मना सांग," लिओ म्हणाला.