जुळ्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. मला काटे नाहीत की तबकडी नाही. डबीत बसवलेला एक स्फटिक आणि त्याची थरथर, एवढाच माझा संसार. सगळे मला 'जुळा' म्हणतात, कारण माझा भाऊ वर अवकाशात एका दुर्बिणीवर आहे.

आम्ही एकाच स्फटिकातून कापलेले. आम्हाला घडवणारे काका निवृत्त होताना बजावून गेले होते, "जुळ्याला कधी बंद करू नका रे. दोघं बरोबरीनं म्हातारे झाले, तरच याच्याकडं बघून वरच्याची चाल कळेल."

काकांची पाठ वळली आणि प्रयोगशाळेत किटली आली. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे साहेब, चहाचे भोक्ते. "हा नुसता बसून वीज खातोय," म्हणत त्यांनी माझी पिन काढली आणि किटलीची खोचली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते हो. पण माझी थरथर थांबली, आणि वर्षानुवर्षे मी फडताळावर वाफ खात पडून राहिलो.

भाऊ मात्र इमानेइतबारे राबत होता. दूर एक मेलेला तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओरबाडून खातो आणि गरगर फिरतो. दर फेरीला त्याच्याकडून कठोर क्ष-किरणांचा झोत येतो. हाडांचा फोटो काढतात ना, त्या किरणांचेच हे दांडगे भाऊबंद. भाऊ त्या झोतांच्या वेळा टिपतो. खाऊन खाऊन ताऱ्याचा वेग वाढतच चालला होता. मग एकदा साहेबांच्या विद्यार्थिनीला, आमच्या ताईला, दिसले की झोत उशिरा येऊ लागलेत.

"सर, खाणं तेवढंच आहे, तरी तारा मंदावलाय! हे कुणी पाहिलेलं नाही." तिचा आनंद गगनात मावत नव्हता. सगळे शिक्षण तिने याच ताऱ्यावर लावले होते.

"तारा कसला मंदावतोय? वरचं घड्याळ पुढं पळत असेल. जुळ्याला लावून बघ."

मला चालू केले. नीट चालायची माझी किती इच्छा होती! पण स्फटिकाला इच्छा असून काय उपयोग? बंद राहून माझी चाल बिघडली होती. मी पुढे पळालो.

"बघ, हा पळतोय म्हणजे वरचाही पळतोय. म्हटलं नव्हतं?" साहेब म्हणाले, आणि माझ्या जागी पुन्हा किटलीची पिन लागली. ताईने या शोधावर लिहायला घेतलेला लेख बाजूला ठेवला. मी बिघडलोय, भाऊ नाही, हे मला ओरडून सांगायचे होते. तोंडच नव्हते.

काही महिन्यांनी दुसऱ्या दुर्बिणीवाल्यांनी जाहीर केले, तो तारा मंदावला आहे. मान त्यांना मिळाला. ताई फडताळापाशी येऊन उभी राहिली.

"सर, हा जुळा कधीपासून बंद होता?"

साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. "अं... किटली आली तेव्हापासून."

तिने किटलीची पिन काढली आणि माझी खोचली.

तेव्हापासून मी चालूच आहे. पण माझे वय आता भावाशी जुळत नाही, आणि कधी जुळणारही नाही. मित्रांनो, फडताळावर कुणी रिकामा बसलेला दिसला, तर त्याची पिन काढू नका. एक दिवस तुमच्याच खरेपणाची साक्ष मागायला तुम्ही त्याच्याकडे याल, आणि तो बिचारा खोटे सांगेल.