पुलापलीकडचं वळण

"पुन्हा उतरला," दादा म्हणाला. "दुसरा डबा. आतल्या अंगाला."

तिनं वाकून पाहिलं. खरंच दुसरा डबा आत कलंडला होता आणि इंजिन जागच्या जागी गुरगुरत होतं. दादाला दोन वर्षांपासून काहीच दिसत नव्हतं, पण कुठलं चाक कुठं सुटलं हे त्याला तिच्याआधी कळायचं. तिनं बटण बंद केलं आणि डबा उचलून रुळांवर बसवला.

"चाकं तपासलीस?"

"सकाळीच तपासली. बरोबर आहेत."

"डबा हलका असेल."

"तळाला शिसं चिकटवलंय. आणखी चिकटवलं तर इंजिन ओढायचं नाही."

"मग जोडणीचा आकडा घासत असेल."

"आकडा कालच कानशीनं घासला, दादा. घासून घासून आता तो दात कोरायच्या लायकीचा उरलाय."

दादा हसला. दातांवरून बोलायची तिची सवयच होती. एकोणतीस वर्षं ती कवळ्या तयार करत होती. डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावरून ती मेणात दात बसवायची, हिरड्यांना रंग द्यायची. गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत. लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "निम्म्या गावाला मी दात दिले, पण मला विचारायला एकही तोंड आलं नाही." दादाची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांत ही दोघंच.

दादा इंजिन ड्रायव्हर होता. सात स्टेशनांच्या छोट्या फाट्यावर त्यानं सव्वीस वर्षं एकच पॅसेंजर चालवली. केबिनमध्ये एकटाच असायचा. नजर अधू झाली आणि नोकरी सुटली, तेव्हापासून तो खुर्चीत बसून राहायचा. एकदा भाजी निवडताना तिचं लक्ष गेलं. त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावर हळूहळू पुढे सरकत होता, मग थोडा मागे येत होता.

"कुठवर आलास?" तिनं सहज विचारलं.

"पूल लागलाय," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी ती भंगारवाल्याकडे गेली. त्याच्याकडे खेळण्यातल्या रेल्वेचं एक खोकं पडून होतं. वाकडे रूळ, एक मुकं इंजिन, तीन डबे. भंगारवाल्याच्या आईची तडकलेली कवळी तिनं सांधून दिली आणि बदल्यात खोकं घरी आणलं. मोडीतला एक दरवाजा दोन स्टुलांवर आडवा टाकून त्यावर रूळ मांडले. रेडिओच्या जुन्या पेटीतून वीज पुरवायची सोय केली. तारांना डाग द्यायला ती कामावरच शिकली होती.

दादा सांगायचा आणि ती करायची. "बोगद्याचं तोंड उजवीकडे घे. पूल आखूड झाला, वाढव." वाया गेलेले प्लास्टरचे साचे एकावर एक रचून तिनं डोंगर केले. डोंगरांच्या पोटात लोकांचे जबडे होते. स्टेशनांच्या छपरांना हिरड्यांचा उरलेला रंग लावला. दादानं विचारलं, "छपरं लालच आहेत ना?" ती म्हणाली, "लालच." होती गुलाबी.

सुरुवातीला इंजिन दर दोन फेऱ्यांनी अडायचं. दादानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "रुळांवर काहीतरी बसतंय." तिनं स्पिरिटचा बोळा फिरवला तर तो पांढरा झाला. तिच्याच बाह्यांवरून झडलेली प्लास्टरची भुकटी होती ती. मग कपडे बदलल्याशिवाय ती दरवाजाला हात लावेना. गाडी सुरळीत धावू लागली.

अडलं ते पुलापलीकडच्या वळणावर. ते वळण दादानं बोटानं आखून दिलं होतं. "आणखी आवळ," तो म्हणत गेला आणि ती रूळ वाकवत गेली. तीन आठवडे दुसरा डबा तिथंच उतरत होता. बाकी सगळं करून झालं होतं.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "वळण. चार बोटं ढिलं करू या."

"वळणाला हात लावायचा नाही."

"अरे, पण इतक्या घट्ट वळणात डबे आत ओढले जाणारच."

"तिथं वळण तसंच आहे! गाडी मी चालवलीय की तू?"

असा तो तिच्यावर कधी ओरडला नव्हता.

त्या वळणावर काय झालं होतं हे तिला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी, लख्ख उन्हाच्या दुपारी, रुळांचे बोल्ट आवळत असलेला एक गँगमन दादाच्या गाडीखाली गेला. चौकशी झाली. दादानं सांगितलं, वळण घट्ट, आड डोंगर, माणूस ऐनवेळी दिसला, शिट्टी दिली, पण तो हलला नाही. साहेबांनी ती जागा गाडीच्या खिडकीतून पाहिली आणि लिहून टाकलं की मयत बेसावध होता. पुढे आठ महिन्यांनी दादाची गाडी फलाटावर न थांबता पुढे गेली. तेव्हा मोठ्या दवाखान्यात डोळे तपासले गेले आणि त्याला घरी बसवलं.

तिनं रुळांचा तुकडा हातात घेतला, परत ठेवला.

"दादा, मी तुझ्याच गाडीनं तीन वर्षं कामाला जात होते. डाव्या खिडकीशी बसायचे. वळण घट्ट असलं की डब्यातून पुढचं इंजिन दिसतं. बोगद्यापाशी रोज दिसायचं. पुलापलीकडे एकदाही दिसलं नाही."

दादा उठला, चाचपडत दरवाजाच्या कडेला आला. त्याची बोटं पुलावरून पुढे वळणावर गेली आणि तिथंच राहिली.

"किती ढिलं करशील?"

"तू सांग."

त्यानं बोट उचलून वीतभर बाहेर टेकवलं. "इथवर."

तिनं खिळे उपटले, रूळ सैल केले. नवी वाट इतकी सरळ झाली की प्लास्टरचा डोंगर मधे येऊ लागला. करवतीनं तिनं तो अर्धा कापून काढला. मग बटण दाबलं. गाडी पुलावरून आली, वळली आणि निघून गेली. दुसरी फेरी झाली, दहावी झाली. एकही चाक रुळांवरून हललं नाही.

"आता खाली बस," दादा म्हणाला. "पुलावर डोळा लाव. वळणावर माणूस असेल तर दिसेल का?"

ती गुडघ्यांवर बसली. कापलेल्या डोंगराची पांढरी कड बाजूला राहिली होती. समोर रूळ शेवटपर्यंत मोकळे होते.

"दिसेल."

"अर्धा?"

"पूर्ण दिसेल, दादा."

दादानं मान हलवली. "मला दिसला नाही. धक्का बसला तेव्हा कळलं. शिट्टी दिलीच नव्हती मी. माणूस दिसलाच नाही, तर शिट्टी कुणाला देणार?"

गाडी फिरतच होती. तिनं बटण बंद केलं.

अपघाताच्या काही महिने आधी, रेल्वेच्या डोळे-तपासणीपूर्वी, दवाखान्यात जाऊन डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं तिनंच उतरवून आणली होती. चहा गाळता गाळता ती दादाकडून ती पाठ करून घ्यायची. खालून दुसरी ओळ त्याला येईना, तर तिला चाल लावून दिली होती. तो पास झाला तेव्हा तिनं मिठाई आणली. दोनच वर्षं काढायची होती त्याला, मग पेन्शन. गँगमनची बातमी आली त्या दिवशी ती कामावर होती आणि तिनं वरचे दात खालच्या कवळीत लावले होते. त्याविषयी दोघं एकमेकांशी कधी अवाक्षर बोलली नव्हती.

"चौकशीच्या दिवशी त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती," दादा म्हणाला. "येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, ते असे नव्हते हो, ते फार जपून असायचे. मी तिच्यासमोरून गेलो. मलाही म्हणाली."

"तू काय बोललास?"

"काही नाही."

रविवारी त्यानं तिला कागद घ्यायला सांगितलं. तो सावकाश सांगत गेला आणि ती लिहीत गेली. वळण घट्ट नव्हतं. माझी नजर गेली होती, ते मी लपवलं. मी शिट्टी दिली नाही. तुमच्या नवऱ्याची काही चूक नव्हती. एवढं सांगून तो थांबला. पेन मात्र चालूच होतं.

"मी थांबलोय," दादा म्हणाला. "काय लिहितेस?"

"माझं लिहितेय."

"चिमे, तुझं नाव नको यात. तुला अजून नोकरी करायचीय."

"अक्षरं तू एकट्यानं पाठ केली नव्हतीस," ती म्हणाली आणि लिहिणं पुरं केलं.

त्याच दुपारी दोघं विचारत विचारत गँगमनच्या घरी गेली. कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईनं मागं वळून पाहिलं. दादाला तिनं ओळखलं. हात पुसून तिनं पत्र घेतलं, उलटसुलट केलं आणि परत पुढे केलं.

"मला वाचता येत नाही. तुम्हीच वाचा."

पायरीवर उभी राहून कवळीबाईनं पत्र वाचलं. दादाचं वाचलं, मग स्वतःचं. वाचून झाल्यावर बाईनं कागद मागून घेतला, ओलसर हात लागू नयेत म्हणून पदरात धरला आणि आत गेली. आत कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं.

"आई," तिचा आवाज बाहेर आला. ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तसा मोठा. "आई, उठून बसा. त्यांची चूक नव्हती. लिहून दिलंय."

दार उघडंच होतं. आत या असं कुणी म्हणालं नाही, जा असंही नाही. दादानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं पायरीवर उभी राहिली.