‘कांती’ मासिकाच्या सुमतीबाई

सुमतीबाई भालकीच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. ऐन पंचविशीत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. एकोणीसशे चौसष्ट साली त्यांनी बायकांसाठी ‘कांती’ नावाचं सौंदर्याचं मासिक काढलं. विधवा बाईनं नटण्यामुरडण्याचं लिहावं, यावर गावात बरंच बोललं गेलं. पण मसुराच्या पिठाचा लेप, केसांची निगा, टाचांच्या भेगा, हे सगळं त्या इतक्या मायेनं लिहीत की अंक हुमनाबाद, आळंदपर्यंत जाऊ लागला. वाचणाऱ्या बायका बाजाराच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर टेकायच्या. अंक उदगीरला गुंडेरावांच्या छापखान्यात छापला जाई. मागच्या पानावर गोरं होण्याच्या एका मलमाची जाहिरात असे. मासिक तिच्याच जोरावर चालायचं.

एका उन्हाळ्यात निंबर्ग्याची महानंदा घर विचारत आली. लग्न ठरलेली पोर, गालावर पदर धरून बसली. सुमतीबाईंनी पाणी दिलं, तेव्हा तिनं पदर बाजूला केला. गाल सोलून काळा पडला होता.

“तुमच्या मासिकात बघून मलम लावले, बाई,” ती म्हणाली. “आता सोयरीक मोडायलीय.”

सुमतीबाईंनी तिला बिदरच्या डॉक्टरांकडे नेलं. कातडी मलमानंच जळाली, डाग जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्याच आठवड्यात सुमतीबाई उदगीरला गेल्या. जाहिरात काढून त्या जागी, हे मलम कुणीही लावू नये, असं ठळक अक्षरांत छापायला सांगितलं. गुंडेरावांनी कागद वाचला.

“मासिक बंद पडंल, बाई.”

“पडू द्या,” सुमतीबाई म्हणाल्या.

दोन अंकांनंतर ते बंद पडलंच. सोयरीकही मोडली. महानंदा गुलबर्ग्याला नर्सिंग शिकायला गेली. नागपंचमीला एकदा येऊन भेटली, नंतर तिकडचीच झाली.

ओसरीवर बायका येईनाशा झाल्या. सुमतीबाईंना वाटलं होतं, त्या आपल्याकडे येतात. येत होत्या त्या मासिकासाठी. शाळा सुटली की सुमतीबाई दार लावून घेत आणि एकटीपुरता भात टाकत. सुट्टीच्या दिवशी मात्र त्यांना घर खायला उठे. मग त्या स्टँडवर जाऊन बाकावर बसत. एकदा कंडक्टरनं विचारलं, “अक्का, कुठं जायलाव?”

“कुठं न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या बाईला बसायला जागा करून दिली.