काचेखालचा नवस

नवऱ्याच्या पोटातली गाठ सुखरूप निघाली, म्हणून हर्मेलिंदाने गुड फ्रायडेला दारासमोर रंगीत भुशाचा गालिचा घातला. आमच्या अँटिग्वा गावात नवस असेच फेडतात. भुसा चाळून, पाणी शिंपडून नक्षी घालायची आणि येशूचा मखर वाहणाऱ्यांनी ती तुडवायची. तुडवली की नवस पोचला.

पण वारसा खात्याच्या लिसांद्रो साहेबांना तो गालिचा बघून गहिवरून आलं. त्यांनी त्यावर काच बसवली. मिरवणूक मागच्या गल्लीतून गेली.

"साहेब, हा तुडवायलाच घातलाय."

"म्हणून तर वाचवला. तुमची कला अमर झाली, बाई."

"कला गेली चुलीत. माझा नवरा अमर नाहीये."

काचेवर पाय द्यायची बंदी, त्यामुळे दार अडलं. तिचा नवरा फुलहेन्सियो पोटावरचे टाके सांभाळत खिडकीतून ये-जा करू लागला आणि जरा दुखलं की म्हणायचा, "देव वाट बघतोय गं."

जूनमध्ये काचेखाली ओल धरली आणि गालिच्यावरच्या केत्साल पक्ष्याला बुरशीची दाढी आली. साहेबांनी आधी पाटी लावली, 'पक्षी प्रौढ होत आहे.' मग गालिचा बघायला मंत्रीबाई येणार असल्याचा निरोप आला.

"बाई, हा काढून तस्साच दुसरा घाला ना."

"झाडूने काढत नाहीत, साहेब. आधी मखर जावा लागतो."

"आत्ता? जूनमध्ये?"

"मग दाखवा दाढी मंत्रीबाईंना."

साहेबांनी मखरवाल्यांचे पाय धरले. मखर निघाला, बँडही आला, पण वाहणाऱ्यांतली फुलहेन्सियोची नेहमीची जागा टाक्यांमुळे रिकामी होती. तिथे साहेबांनाच खांदा द्यावा लागला. काच काढल्यावर नक्षी वाचवायला त्यांनी चवड्यांवर चालून पाहिलं, पण त्या ओझ्याखाली कुठलं जमायला. फुलहेन्सियो दारातून बाहेर आला तशी हर्मेलिंदा ढसाढसा रडली.

"आता दुसरा घाला," साहेब धापा टाकत म्हणाले.

"कुठल्या नवसाचा, साहेब?"

साहेब तिथेच मखरासमोर गुडघ्यांवर बसले. मंत्रीबाईंचा दौरा रद्द होऊ दे म्हणाले. दौरा खरंच रद्द झाला.

पुढच्या गुड फ्रायडेला साहेब स्वतःच्या दारासमोर ओणवे होऊन भुसा चाळत होते. केत्साल काढायला गेले, कोंबडी झाली. मिरवणूक कोपऱ्यावर दिसली तसे ते शेजारी उभ्या हर्मेलिंदाला घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "बाई, इथूनच जातील ना?"