अर्ध्या रांजणातलं कासव

मित्रांनो, शहागडला गोदावरीच्या काठी नाव लागते ना, तिथं बाभळीच्या बुडाशी एक तांबडं खापर रुतलेलं दिसेल. तो मी. मी एक जुना रांजण आहे. खरं सांगायचं तर अर्धाच.

कुंभार पिंपळगावच्या पुंजाराम कुंभारानं मला थापटून थापटून घडवलं. भट्टीतून काढल्यावर टिचकी मारून तो म्हणाला, "बराबर वाजतोय. लेकरावानी सांभाळा." ते निजामाचं राज्य होतं. शहागडच्या रखमाजीनं मला कडब्यावर निजवून बैलगाडीतून घरी आणलं. त्याची बायको गोजरबाई माझ्यातलं पाणी पाहुण्यांना द्यायची. "वैनी, काय गार पानी हाय!" असं कुणी म्हटलं की कौतुक पाण्याचं व्हायचं आणि फुगायचो मी.

एका पोळ्याला सजवलेला बैल उधळला आणि माझा गळा, खांदा सगळं गेलं. उरलेला बुडखा गोजरबाईनं वासराला पाणी पाजायला तुळशीजवळ ठेवला. वासरू मोठं झालं. मग मी नुसता पालापाचोळा धरून बसलो. कुणी माझ्यात डोकावेना.

अशात एका सकाळी रखमाजीची आठ वर्षांची साळू नदीवरून धावत आली. तिच्या ओल्या परकराच्या ओच्यात, रेतीत सापडलेलं कासवाचं पिल्लू होतं. सुपारीहून जरासं मोठं. तिनं मला घासलं, नवं पाणी भरलं, मधे एक दगड ठेवला. पिल्लाची नखं माझ्या अंगाला लागली आणि मला पुंजारामची बोटं आठवली.

"अगं, देवळातलं कासव पायानं चालत आलं की!" म्हणत गोजरबाईनं त्याला हात जोडले. त्या दिवसापासून रोज त्याच्या पाठीला हळदकुंकू लागू लागलं. दळताना ती म्हणायची,

गोदामाईचं लेकरू, माझ्या अंगणी रांगतं,
हळदीकुंकवाचं बोट, त्याच्या पाठीला लागतं.

घर माळकऱ्यांचं. पिल्लाला दूधभात मिळायचा. एकादशीला सगळ्या घराबरोबर त्यालाही उपास. "त्यालाबी पुण्य लागंल," साळू मैत्रिणींना ऐटीत सांगायची. दूधभात मात्र पाण्यात आंबून जायचा. हळूहळू माझ्या अंगावरची नखांची खरखर कमी होत गेली.

एकदा नावाडी भुजंग ताक मागायला आला. त्यानं माझ्यात वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"वैनी, कासव हाय ते, माळकरी न्हाई! गोगलगाय, गांडूळ खातंय ते. अशानं मरंल."

"माझ्या तुळशीम्होरं जीव मारून घालू व्हय? बिलकुल न्हाई."

"मंग नदीत सोडा. जल्दी."

"न्हाई!" साळू ओरडली. "म्या आणल्तं. माझं हाय ते."

मित्रांनो, लपवत नाही. मनात मीही 'न्हाई'च म्हणालो. दोन वर्षांनी मला सोबत मिळाली होती.

तिसऱ्या दिवशी साळूनं पिल्लाच्या डोक्याला बोट लावलं. एरवी ते झटक्यानं मान आत ओढायचं. आज मान तशीच बाहेर राहिली.

"माय," ती हलकेच म्हणाली, "ते आता भीतबी न्हाई गं."

गोजरबाई चुलीपासून उठून आली. बराच वेळ तिनं पिल्लाकडं पाहिलं. मग डोक्यावर चुंबळ ठेवली आणि रखमाजीला म्हणाली, "हात लावा." पाण्यासकट, पिल्लासकट तिनं मला डोक्यावर घेतलं. मागं साळू.

काठावरच्या बाभळीपाशी, उथळ पाण्यात मला टेकवलं. पिल्लू हलेना. भुजंगची नाव पार पलीकडं होती. गोजरबाईनं इकडंतिकडं बघितलं, गळ्यातली माळ पाठीवर सारली आणि ओल्या दगडावरची इवलीशी गोगलगाय दोन बोटांनी उचलून पिल्लासमोर धरली. किती तरी वेळानं ती छोटी मान पुढं आली.

"खाल्लं! माय, खाल्लं! आता घरी न्यायचं?"

"म्या आज केलं, साळे. रोज न्हाई व्हायचं माझ्यानं."

साळू माझ्या फुटक्या काठावर हात ठेवून बसली. मग तिनंच मला कलतं केलं. पिल्लू बाहेर सरकलं. त्याच्या पाठीवरच्या कुंकवानं पाण्यात एक बारीक रेघ ओढली, आणि रेघही गेली.

गोजरबाईनं रेतीनं तीनदा हात घासले. "आन रांजण?" साळूनं विचारलं. "त्यात जीव खाल्लाय. त्यो आता तुळशीपाशी न्हाई चालायचा," असं म्हणून ती घराकडं वळली. तेव्हापासून मी इथंच आहे.

धुणं घेऊन आली की साळू आधी माझ्यात डोकावते. मी रिकामा असतो. मग ती ओंजळभर पाणी माझ्यात घालून कामाला लागते.

मित्रांनो, रेतीत असं एखादं पिल्लू दिसलं तर जवळ बसा, डोळे भरून बघा. ते घाबरून मान आत ओढेल. ओढू द्या. तेवढी भीती त्याच्याकडं राहू द्या.