भुरीचे फेरे

मोहाच्या झाडाखाली अख्खं गाव लोटलं होतं. बांबूच्या कुंपणात शेंदूर फासलेला एक गोटा, अन् त्याच्याभोवती मान वाकडी करून फिरून राह्यली होती पत्रूची कुत्री, भुरी. गळ्यात झेंडूची माळ, पायात जीव नाई, पण फिरणं काही थांबेना.

"पाहा, पाहा! डाव्या अंगानं फिरते!" कुंपणात उभा असलेला एक भगवा बाबा ओरडला. "तुमच्याच रीतीनं! मुक्या जनावराले कोणं शिकवलं?"

बाबा कुठून आला कोणाले मालूम नाई, पण रीत त्यानं बरोबर हेरली होती, अन् भुरीच्या आंगात देव आला म्हणून तिले त्यानंच कुंपणात घातलं होतं. मुलचेऱ्याकडच्या या गोंड गावात देवाले फेरे डाव्या अंगानंच घालतात. तेवढ्यावरच मोठमोठे जाणते गारद झाले.

पत्रू कुंपणाबाहेर उभा. रानडुकरामागं धावणारी त्याची कुत्री डोळ्यादेखत वाळून चालली होती, अन् त्याले आत जाता येत नव्हतं. फाटकावर त्याचा सख्खा साळा चैतू काठी घेऊन बसलेला.

"चैतू, सोड ना रे. घरी चुलीभोवती बी अशीच फिरत होती ते."

"तिथी बी देवच होता!" बाबा आतून गरजला.

"भाऊजी," चैतू हळूच बोलला, "तुम्ही तिले नेली अन् गावावर काही आलं, तं लोक आपल्याच घरावर येतीन."

पत्रूचं असं झालं: जावं तं गाव खाते, राहावं तं भुरी जाते.

त्याच दिवशी हर्षा डॉक्टरबाई ढोरायले लस टोचाले आल्या. पत्रूच्या बायकोनं, सुकरीनं, त्याईले हाताले धरूनच आणलं. बाईनं पहिले विचारलं, "पिसाळल्याची लस दिली होती का हिले?"

"तुम्हीच तं टोचली, पोळ्याच्या टायमाले," सुकरी बोलली.

मंग बाई बाबाकडं वळल्या. "भक्ती पक्की असन, तं मोकळी सोडू. देव तिले वढन परत."

"सोडा, सोडा!" लोकायनंच कल्ला केला. आता बाबाले नाई म्हणता येईना.

हातमोजे घालून बाईनं भुरीले उचललं अन् बाबाच्या चपलेपाशी ठेवलं. भुरी चपलेभोवती फिरली. मोहाच्या टोपलीपाशी ठेवलं, टोपलीभोवती फिरली. गोट्याकडं ढुंकून बी पाह्यलं नाई.

"चपलेत बी देव आहे!" बाबा किंचाळला.

"मंग फोड ना तिच्यापुढं नारळ!" इतवारी बुढी बोलली, अन् गाव हसून लोळलं.

"हिच्या मेंदूले सूज असन," बाई म्हणाल्या. "मेंदू एका बाजूनं बिघडला, का जनावर एकाच अंगानं वळत राहते. अन् कुंपण एवढंसं, गोट्याभोवती नाई तं कुठी फिरन?"

चैतूनं काठी फेकली. "भाऊजी, गाडी काढतो."

बाबा तवाच बोचकं घेऊन सटकला.

चंद्रपूरले तपासण्या झाल्या. रोगाशी लढणारी आंगातली फौजच मेंदूवर उलटली, असं निघालं. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. "बरी दिसली म्हणून एकदम बंद करू नका, मी सांगीन तशाच कमी करा," हर्षाबाईनं बजावलं. "अन् खातरी मी देत नाई, पत्रूभाऊ." बाबानं तं देव असल्याची खातरीच खातरी देल्ली होती.

भुरी सरळ चालाले लागली, तवा परगावची एक बाई नारळ घेऊन आली. "आता नाई फिरत का हे?" तिचं तोंडच उतरलं.

"नाई फिरत, बाई," पत्रू बोलला. "बरी झाली."

तं लोकहो, जनावर असो का माणूस, अचानक वेगळंच वागाले लागलं, तं हात जोडाच्या आधी डॉक्टरले दाखवा. देव कुठी पळून जात नाई. बीमार जिवाले तेवढी सवड नसते.