कपाटामागची भिंत

मुकद्दसने रंग खरवडायच्या पत्रीचा कोपरा भिंतीत रोवून जोर लावला, तसा रंगाचा जाड पापुद्रा सुटून हातात आला. वर पिस्ता, त्याखाली मोतिया, त्याखाली गुलाबी, त्याखाली पुन्हा पिस्ता.

"एकेक थर म्हणजे एकेक नकार," ती म्हणाली.

शिडीवरची कामकरीण खुदकन हसली. बादलीत रंग ढवळणारा बोतिर, मुकद्दसचा मुलगा, हसला नाही.

सनोबरच्या मुलीला बघायला बायका येणार असल्या की आदल्या दिवशी मुकद्दसला बोलावणं ठरलेलं. रंग फक्त बैठकीच्या खोलीला. स्वयंपाकघरात छताचे पोपडे पडत होते, न्हाणीघराकडे तर बघवत नव्हतं, पण तिथे पाहुणे जात नाहीत. सनोबरचा नवरा कुठल्याशा खात्यात मोठा साहेब होता. तो गेला, साहेबी मागे ठेवून गेला. ताश्कंदच्या चिलोंझार वस्तीत तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत बसून ही बाई अजून नाकाने कांदे सोलत होती.

दाराजवळच्या भिंतीला शेजारच्यांच्या न्हाणीची ओल होती. तिच्यापुढे काचेचं मोठं कपाट उभं केलं होतं.

"हे सरकवू का?" मुकद्दसने दर वेळेसारखं विचारलं.

"काही नको, रंगारीणबाई. कपाटामागे कोण बघतंय?" सनोबर उंबऱ्यापलीकडूनच म्हणाली. आत आली असती तर सपातांना रंग लागला असता.

मुकद्दसने वाद घातला नाही. अर्ध्या शहराच्या भिंती तिच्या हाताखालच्या बायकांनी रंगवल्या होत्या आणि दर्शनी बाजू सोडून रंग मागणारं गिऱ्हाईक तिला क्वचितच भेटलं होतं. ती सगळ्यांना सारखंच तुच्छ लेखी आणि सगळ्यांचं काम सारखंच चोख करी.

चहा आला. सनोबर स्वतः ओतायची तेव्हा पियाली काठोकाठ भरायची, म्हणजे प्या आणि कामाला लागा. आज तिची मुलगी दिलोरोम ओतत होती. ती पाहुण्यांना ओततात तसा तळाशी घोटभरच चहा ओतायची, आणि संपला की पुन्हा ओतायची. बोतिरची पियाली काही केल्या संपेना.

त्या बायकाही येऊन, खाऊनपिऊन गेल्या आणि परत फिरकल्या नाहीत. आठवड्याभराने जेवताना बोतिर म्हणाला,

"आई, तू जा ना दिलोरोमला मागणी घालायला."

मुकद्दसच्या हातातला घास तसाच राहिला. "त्या घरात? अरे, त्या घराची प्रत्येक भिंत मी खरवडलीय. वरून रंग, आतून भंग."

"मग तुला तरी ते फसवू शकणार नाहीत."

मुकद्दस चिडली. "जाते," ती म्हणाली. "पण नान मोडीन असं कबूल केलेलं नाही. चहा पिईन आणि उठेन." दोन्हीकडच्या थोरल्यांनी मिळून नान मोडला की लग्न ठरलं. न मोडता उठलं की काही न बोलता सगळं बोलून झालं.

रविवारचा निरोप गेला. आपल्या बायकांना मुकद्दसने हसतहसत सांगितलं, "आता बघा, माझ्यासाठी भिंत रंगवायला ती मलाच बोलावेल."

फोन आला नाही. शनिवारी तिने दोनदा फोन कानाला लावून तो चालू असल्याची खात्री केली, आणि मग तिला अपमान लख्ख कळला. साऱ्या जगासाठी रंग, आणि रंगारणीसाठी जुनीच भिंत. ठीक आहे. एक पियाली, फार तर दीड.

रविवारी ती ठेवणीतला रेशमी झगा घालून निघाली. बरोबर जाऊ होसियात होती, जिच्या जिभेला हाड नव्हतं. दार उघडताच मुकद्दसला ताज्या रंगाचा वास आला.

दुसऱ्या कोणाला काम दिलं वाटतं. तिने आत पाऊल टाकलं आणि भिंतींवरून नजर फिरवली. रोलरचे पट्टे मोजून घ्यावेत असे दिसत होते. छताच्या कडेला फराटे, विजेच्या बटणावर ओघळ. इतकं भिकार काम ताश्कंदमध्ये कोणी पैसे घेऊन करत नाही.

काचेचं कपाट खोलीच्या मधोमध वेडंवाकडं उभं होतं. त्याच्या मागची भिंत पिस्ता रंगाने रंगवलेली होती, आणि त्यातून ओलीचा काळा डाग वर येत होता.

"परत जागेवर सरकवणं मला एकटीला जमलं नाही," सनोबर खाली बघत म्हणाली. "बसा, मुकद्दसताई."

ती चहा ओतू लागली. नखांच्या कडांना पिस्ता रंग होता, कोपरावर एक सुकलेला ठिपका. पियालीत घोटभरच चहा पडला. दिलोरोम दाराआड उभी होती.

"अगं बाई, ही भिंत..." होसियातने तोंड उघडलं.

मुकद्दस मानाची जागा सोडून दाराजवळ येऊन बसली. तिने पाठ बरोबर त्या डागावर टेकली. रंग ओला होता. गार चिकटपणा रेशमातून अंगाला लागला, तरी ती हलली नाही.

"काय गं भिंतीला?" तिने जावेला विचारलं. होसियातने पियाली तोंडाला लावली.

दुसरी पियाली झाली, तिसरी झाली. मग मुकद्दसने मधे अंथरलेल्या दस्तरखानावरचा नान उचलला आणि एक बाजू सनोबरपुढे धरली.

"धरा."

सनोबरने रंगलेल्या बोटांनी दुसरी बाजू धरली. नान मोडला.

जिन्यात होसियात म्हणाली, "तुझ्या पाठीची पार वाट लागलीय. आणि महिन्याभरात त्या भिंतीचे पोपडे पडतील, सांगून ठेवते."

"महिना कसला, पंधरा दिवस. ओल बुजवल्याशिवाय हात मारलाय, वर रंगात बदाबदा पाणी ओतलंय," मुकद्दस म्हणाली. "शिकवावं लागेल."

"दिलोरोमला?"

"विहीणबाईंना."